कांदा बीजोत्पादनात भाड्याच्या मेलिफेरा पेट्या की स्थानिक माश्या? संशोधन नेमके काय सांगते?

गोंडाफूल (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले काही शेतकरी अनेक वर्षांपासून कांद्याचे बीजोत्पादन घेत आहोत. पावसाळा संपल्यावर निवडक कांदे लावायचे, जानेवारीच्या अखेरीस गोंडे (कांद्याच्या फुलांचे गोल तुरे) फुलू लागायचे आणि त्यानंतर बी भरेपर्यंत सगळी भिस्त माश्यांवर, असे हे पीक आहे. पूर्वी फुलोऱ्याच्या दिवसांत आग्या माश्या न बोलावता येत असत. आता त्या फार विरळ दिसतात, म्हणून गटातल्या काही जणांनी मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या विदेशी मधमाशीच्या, पेट्या भाड्याने आणायला सुरुवात केली आहे.

यावरून गटात दोन तट पडले आहेत. पेट्या आणल्या की परागीभवनाची काळजी मिटली, असे एका बाजूचे म्हणणे आहे. तर बाहेरच्या पेट्यांबरोबर रोग येतात आणि उरल्यासुरल्या गावठी माश्याही निघून जातात, असे दुसरी बाजू ठामपणे सांगते. फुलकिडे मारण्यासाठीच्या फवारणीचाही वाद आहेच. संध्याकाळी फवारले की माश्यांना काही होत नाही, असे कृषी सेवा केंद्रात सांगितले जाते आणि सगळे त्यावर विसंबून असतात.

मधमाश्यांवरच्या संशोधनाच्या ज्या बातम्या वाचनात येतात, त्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या असतात. ते निष्कर्ष आपल्या आग्या, सातेरी, फुलोरी माश्यांना कितपत लागू पडतात, याची माहिती जाणकारांनी द्यावी, अशी विनंती आहे.

कीटकशास्त्र_विद्यार्थिनी

नमस्कार दादा. आपल्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही वादांचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे. जगभरात 'मधमाशी' या नावाखाली जे संशोधन झाले आहे, त्याचा फार मोठा भाग एपिस मेलिफेरा या एकाच जातीवर झालेला आहे. ही माशी पेटीत राहते, प्रयोगशाळेजवळ ठेवता येते आणि हवी तिथे नेता येते. आग्या माशीचे उघड्यावरचे भले मोठे पोळे असे हलवता येत नाही, त्यामुळे तिच्यावरचे काम तुलनेने थोडे आहे.

या जातींच्या वागणुकीत फरक किती असतो, हे त्यांच्या नाचावरून चांगले कळते. अन्नाची दिशा आणि अंतर माशी पोळ्यावर नाचून सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी मेलिफेरावर दाखवून दिले आणि त्या कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर १९५०च्या दशकात श्रीलंकेत आले, तेव्हा त्यांना आढळले की फुलोरी माशी पोळ्याच्या माथ्यावरच्या सपाट भागावर उजेडात नाचते आणि अन्न ज्या बाजूला असेल, थेट त्याच बाजूला तोंड करून ते दाखवते. मेलिफेरा मात्र अंधाऱ्या पेटीत उभ्या पोळ्यावर नाचते आणि गुरुत्वाच्या दिशेशी कोन करून तीच माहिती देते.

आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. दक्षिण भारतात सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिन्ही जातींच्या नाचाची तुलना करणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात सातेरी साधारण एक किलोमीटरपर्यंत, फुलोरी अडीच आणि आग्या सुमारे तीन किलोमीटरपर्यंत अन्नासाठी जाते, असे आढळले. आणि जिचा फेरफटका जितका लहान, तिच्या नाचात अंतराची नोंद तितकी बारकाईने होते, असाही संबंध दिसला. म्हणजे आपल्या प्लॉटवर येणारी आग्या पलीकडच्या गावातल्या झाडावरून आलेली असू शकते, पण सातेरी हवी असेल तर तिची वसाहत शिवारातच असावी लागते.

आता कांद्याविषयी. एकाच फुलातले पराग आधी बाहेर पडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग जवळजवळ नसतो आणि कीटकांवाचून बी धरत नाही. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण बरेच असते. हेच मेलिफेराला नकोसे वाटत असावे, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७२ सालीच मांडला होता. म्हणून भाड्याच्या पेट्यांतल्या माश्या शेजारी मोहरी किंवा सूर्यफूल फुललेले असेल तर कांदा सोडून तिकडे गेल्या, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. माशीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला जिथे चांगला मकरंद मिळेल तिथे ती जाणारच.

पेट्यांनी प्रश्न मिटतो का, याचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उत्तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. जगभरातल्या ४१ पीकपद्धतींतल्या ६०० शेतांची माहिती त्यासाठी एकत्र केली होती. रानटी कीटकांच्या भेटी वाढल्या की फळधारणा जितकी वाढते, तिच्या निम्म्यानेच ती पाळीव मधमाश्यांच्या तितक्याच भेटी वाढल्यावर वाढते, असे त्यातून दिसले. पाळीव माश्या जास्त असोत वा कमी, रानटी कीटकांचा फायदा वेगळा मिळतच होता. तेव्हा पेट्या आणाव्यात की नाही हा वेगळा प्रश्न झाला. परंतु पेट्या आणल्यामुळे बांधावरच्या कीटकांची गरज संपत नाही.

गटात कुणी संकरित बियाणे घेत असेल तर आणखी एक निष्कर्ष उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियात संकरित सूर्यफुलाच्या शेतांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की रानटी माश्या फुलांवर आल्या की मधमाश्या बिचकून उठतात आणि नर ओळीतून मादी ओळीत जातात. या धक्काबुक्कीमुळे मधमाश्यांची परागीभवनाची कार्यक्षमता पाचपटीपर्यंत वाढली होती. एरवी पराग गोळा करणारी माशी नर ओळ सोडायला तयार नसते, कारण मादी ओळीत तिला पराग मिळतच नाहीत.

सातेरीवाला_वाई

वरच्या ताईंनी शास्त्र नीट मांडले आहे. मी सातारा जिल्ह्यात घराण्याचा धंदा म्हणून सातेरी पाळतो, त्यामुळे रोगांच्या मुद्द्यावर बोलतो. भाऊ, 'बाहेरची माशी रोग आणते' हे तुमच्या गटातले म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे चक्क उलटे आहे.

मेलिफेराच्या पेट्यांना जगभर सर्वांत जास्त छळणारी कीड म्हणजे व्हरोआ ही गोचिडीसारखी कोळीवर्गीय कीड, आणि ती मुळात आपल्या सातेरीच्या पोळ्यातली. सातेरीत तिची वीण मुख्यतः नराच्या कोठड्यांत होते, शिवाय सातेरी कामकरी माश्या एकमेकींना साफ करतात आणि बिघडलेल्या कोठड्या रिकाम्या करतात, त्यामुळे ती आटोक्यात राहते. मेलिफेराला या किडीची सवयच नव्हती. तिथे ती कामकरी माश्यांच्या कोठड्यांतही वाढली आणि सोबत पंख वाकडे करणारा विषाणू पसरवू लागली. ही कीड माशीचे रक्त शोषते असे वर्षानुवर्षे शिकवले जात होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती प्रामुख्याने माशीच्या चरबीपेशी खाते असे दाखवले. माशीची प्रतिकारशक्ती आणि विषारी पदार्थ पचवण्याची ताकद ज्या अवयवावर अवलंबून असते तोच खाल्ला जातो, म्हणून व्हरोआ लागलेली वसाहत फवारणीचा ताणही कमी सोसते. मेलिफेराला त्रास देणारी ट्रॉपिलेलॅप्स ही दुसरी कीडही मूळची आग्याच्या पोळ्यातली आहे.

उलट, सातेरीचे कंबरडे ज्या रोगाने मोडले तो थाई सॅकब्रूड हा विषाणू सातेरीचाच. थायलंडमध्ये १९७६ साली तो आढळला, १९७०च्या दशकातच ईशान्य भारतात पोहोचला आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत असा पसरला की केरळातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक सातेरी वसाहती गेल्या. अळी कोषात न जाता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. ज्याने एकदा अशी पेटी उघडली आहे त्याला ते चित्र विसरता येत नाही. त्या पडझडीनंतर अनेक ठिकाणी मधपाळ मेलिफेराकडे वळले, आणि पंजाब-हिमाचलात १९६०च्या दशकात स्थिरावलेली ही माशी दक्षिणेतही पसरली. म्हणजे पुष्कळ ठिकाणी सातेरी आधी गेली आणि मेलिफेरा नंतर आली.

याचा अर्थ भाड्याच्या पेट्या निर्धोक असतात असा कुणी काढू नये. पाळीव मधमाश्यांमधले विषाणू आणि नोसेमासारखे रोगजंतू रानातल्या भुंगेमाश्यांमध्येही आढळतात, आणि एकाच भागातल्या दोघांमधल्या विषाणूंचे वाणही जुळतात, हे ब्रिटनमधल्या २०१४च्या अभ्यासात दिसले होते. एकाच फुलावर दोघी बसतात, तेव्हा देवाणघेवाण होतेच. म्हणून पेटी भाड्याने घेताना केवळ चौकटींची संख्या मोजू नका. एखादी पिलाव्याची (अंडी-अळ्या-कोष असलेली) चौकट उचलून दाखवायला सांगा. पिलावा सलग आणि झाकणे फुगीर, कोरडी असावीत, तळपाटावर वाकड्या पंखांच्या माश्या पडलेल्या नसाव्यात. जो मधपाळ चौकट दाखवायला कां-कूं करतो, त्याच्या पेट्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय पेट्या फुलोरा सुरू होण्याआधी आणू नका. दहाएक टक्के गोंडे उमलल्यावर आणल्या तर माश्या आधी दुसऱ्या पिकाला सरावत नाहीत. सावली आणि जवळ स्वच्छ पाणी एवढे तरी द्याच. फेब्रुवारीचे ऊन तुमच्याकडे कमी नसते.

निवृत्त_रसायनतज्ज्ञ

फवारणीविषयी लिहितो. संध्याकाळी फवारावे हा सल्ला चुकीचा नाही, पण तो दोन गृहीतकांवर उभा आहे आणि दोन्ही आपल्याकडे पुरती खरी ठरत नाहीत.

पहिले गृहीतक असे की अंगावर पडेल तेच विष माशीला बाधते. आंतरप्रवाही औषधांच्या बाबतीत, म्हणजे इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारख्या निओनिकोटिनॉइड गटात, औषध झाडाच्या रसात उतरते आणि तिथून मकरंदात व परागात पोहोचते. मग ते सकाळी फवारले की संध्याकाळी, याने फारसा फरक पडत नाही. बीजप्रक्रियेतूनही ते फुलापर्यंत जाऊ शकते. या मात्रेत माशी जागेवर मरत नाही, म्हणून पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा खच दिसत नाही आणि सगळे आलबेल वाटते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक खुणा चिकटवून दाखवले की थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा घेतलेल्या माश्यांपैकी बऱ्याच जणी घरी परतण्याची वाटच चुकतात. माशी औषध ओळखून टाळत असेल, अशी आशा काहींना होती. २०१५च्या प्रयोगांत तीही फोल ठरली. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम मिसळलेले साखरपाणी आणि साधे साखरपाणी शेजारी ठेवले, तेव्हा माश्यांनी औषधाचे पाणी अधिक प्यायले, आणि तेही त्याची चव त्यांना कळत नसताना.

अर्थात सगळे पुरावे एकाच दिशेचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटन, जर्मनी आणि हंगेरी या तीन देशांत रेपसीड या मोहरीवर्गीय पिकाच्या शेतांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हंगेरीतल्या मधमाश्यांच्या वसाहती पुढच्या वसंतापर्यंत घटल्या, जर्मनीत मात्र तसा अपाय दिसला नाही. आसपास इतर फुले किती होती आणि वसाहती मुळात किती निरोगी होत्या, यावर परिणाम अवलंबून असावा, असे संशोधकांनी म्हटले. युरोपीय संघाने २०१३ साली या गटातल्या तीन औषधांवर निर्बंध घातले आणि २०१८ साली त्यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. माझ्या मते जर्मनीच्या निकालाचा दाखला देऊन आपल्याकडे कुणी निर्धास्त राहू नये, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या शिवारात कांद्याखेरीज दुसरी फुले फारशी उरतच नाहीत.

दुसरे गृहीतक अधिक मनोरंजक आहे: अंधार पडला की सगळ्या माश्या घरी जातात. मेलिफेरा आणि सातेरी जातात. आग्या मात्र अर्ध्याहून मोठा चंद्र आकाशात असेल तर रात्रीही अन्न गोळा करते, हे १९८०च्या दशकापासून नोंदलेले आहे. याहूनही पुढची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. भीमाशंकरच्या अभयारण्यात झायलोकोपा ट्रँकेबारिका या मोठ्या भुंग्यावर संशोधन झाले, ते २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात हा भुंगा चंद्र नसलेल्या रात्री केवळ ताऱ्यांच्या उजेडात उडतो व त्या उजेडात खुणेचे रंगही ओळखतो असे सिद्ध झाले. त्याच जंगलातले या भुंग्याचे दोन जातभाई एरवी दिवसाचेच. त्यातला एक चांदण्यात थोडेफार बाहेर पडतो, दुसरा तेवढेही नाही. आपली 'संध्याकाळी फवारा' ही सूचना या जीवांचा विचार करून लिहिलेलीच नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा उमलण्याच्या बराच आधी, पातीच्या बेचक्यात कीड असतानाच करावा. फुलोऱ्यात आंतरप्रवाही औषध आणि फिप्रोनिल पूर्णपणे टाळावे. आणि अगदीच नाइलाज झाला तर लवकर विरणारे औषध दिवस मावळल्यावर, पण शुक्ल पक्षाची अष्टमी ते वद्य अष्टमी एवढा काळ सोडून मारावे. पंचांग घरात असतेच.

गोंडाफूल

सर्वांचे मनापासून आभार. चांदण्या रात्रीचा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या प्लॉटवर खरे काम कोणती माशी करते हे आम्हाला स्वतः मोजता येईल का? आणि गावच्या पाण्याच्या टाकीवर दरवर्षी आग्याची मोहोळे लागतात, ती जाळून टाकावीत असा आग्रह यंदा पुन्हा सुरू झाला आहे. त्यावर काय सांगावे?

कीटकशास्त्र_विद्यार्थिनी

मोजणी नक्की करता येईल आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. प्लॉटच्या कडेला काही गोंडे आणि मध्यभागी तेवढेच गोंडे खूण करून ठेवावेत आणि ठरावीक मिनिटे प्रत्येकावर बसणाऱ्या माश्या जातवार लिहाव्यात. आग्या मोठी आणि लांबट असते, फुलोरी अगदी लहान आणि पोटाचा पुढचा भाग तांबूस असलेली असते, सातेरी आणि मेलिफेरा यांत मेलिफेरा ठळकपणे मोठी दिसते, आणि पोयाची (डंख नसलेली) माशी तर चिलटाएवढी काळी असते. सकाळी, दुपारी आणि उन्हे उतरल्यावर अशा वेगवेगळ्या वेळी नोंद घ्यावी, कारण प्रत्येक जातीची कामाची वेळ सारखी नसते. मात्र केवळ भेटी मोजून थांबू नये. काही गोंड्यांवर उमलण्याआधी बारीक जाळीची पिशवी बांधावी आणि शेवटी पिशवीतल्या व उघड्या गोंड्यांतल्या बियांचे वजन ताडून पाहावे. वाऱ्याने आणि स्वतःच्या परागाने किती बी धरते आणि माश्यांमुळे किती, हे त्यावरून कळते. पेट्यांपासून जवळच्या आणि लांबच्या गोंड्यांची तुलना केली तर भाड्याचे पैसे कशासाठी दिले, हेही कळेल.

टाकीवरच्या मोहोळांबद्दल. आग्या माशी ऋतूप्रमाणे स्थलांतर करते आणि पुढच्या हंगामात त्याच झाडावर किंवा इमारतीवर परत येते, असे अभ्यासांत दिसले आहे. मोहोळ जाळले तर पुढच्या वर्षी परत येऊ शकणारी वसाहत संपते. ती न जाळता फुलोरा आटोपून माश्या आपण होऊन निघून जाईपर्यंत टाकीखालचा रस्ता बंद ठेवणे, शेजारी धूर आणि मोठा आवाज होऊ न देणे एवढे ग्रामपंचायतीकडून करवून घ्यावे. अगदी वर्दळीच्या जागी धोका असेल तर मोहोळ हलवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवावे. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे याविषयी विचारणा करता येते.

आग्या कमी होण्याचे खापर केवळ फवारणीवर फोडता येणार नाही, हेही गटात सांगावे. बंगळुरूत आग्या माश्यांवर केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हवा मध्यम आणि जास्त प्रदूषित असलेल्या ठिकाणांहून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक २४ तासांत मेल्या. त्यांच्या अंगावर शिसे आणि आर्सेनिक असलेले धूलिकण सापडले आणि हृदयाचे ठोकेही अनियमित झाले होते. तुमचे शिवार शहरात नाही, पण रस्त्याच्या कामाची आणि खडी केंद्रांची धूळ जिथे गोंड्यांवर बसते, तिथली मोजणी वेगळी ठेवण्यासारखी आहे.

बियाणे_तपासनीस

चर्चेत एक मुद्दा राहिला. कांद्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांच्या प्लॉटमध्ये ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर विलगीकरण अंतर ठेवावे लागते. आग्या तीन किलोमीटर उडते हे वाचून कुणी घाबरू नये. माशी एका फेरीत बहुधा एकाच फुलोऱ्यावर काम करते आणि पराग घेऊन घरी जाते, त्यामुळे ती किती लांब उडते आणि पराग किती लांब पोहोचतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र भाड्याच्या पेट्या सोयीसाठी दोन वाणांच्या मधल्या बांधावर मांडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तसे केले की एकाच पेटीतल्या माश्या दोन्हीकडे जाऊ लागतात. पेटीत त्यांची अंगे एकमेकींना घासतात आणि पराग एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर जातो. पेट्या प्रत्येक प्लॉटच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या वाणापासून लांब ठेवाव्यात आणि ती जागा करारातच लिहून घ्यावी, कारण पेट्या उतरवायला गाडी रात्री येते आणि गाडीवाला रस्त्याकडेच्या बांधावरच थांबतो.